एका हातात मावेल एवढं

मेलेल्या रामरावांचंही दान सकाळी दहापर्यंत देऊन झालं होतं. राहिल्या होत्या त्या जित्याजागत्या गोजरबाई.

रामरावांना जाऊन त्या दिवशी बरोबर वर्ष झालं. वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवायचं की गावजेवण घालायचं यावर गावंड्यांच्या घरात महिनाभर खल चालला होता, आणि त्यातून थोरल्या कल्याणने हे दानदिनाचं काढलं. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान असलेल्या राधेश्यामशेठची एक समिती होती. एका दिवसात गावातल्या प्रत्येक माणसाने काहीतरी लहानसं दान द्यायचं, एकही नाव सुटता कामा नये, की समिती गावाला पत्र्याची निळी पाटी द्यायची: 'शंभर टक्के दानशील गाव'. ती पाटी लिंबखेड्याच्या वेशीवर लागावी, खाली बारीक अक्षरात 'कै. रामराव गावंडे यांच्या स्मरणार्थ, संयोजक कल्याण गावंडे' असं यावं, आणि पुढच्या निवडणुकीत गावाने ते बारीक अक्षर जरा डोळे ताणून वाचावं, एवढीच कल्याणची अपेक्षा होती.

नियम पत्रकावर छापलेले होते. पैसे नकोत, वस्तू हवी. माणशी एकच, आणि ती एका हातात मावली पाहिजे. देणाऱ्याने ती स्वतः द्यायची आणि दिलेलं परत मागायचं नाही. राधेश्यामशेठ नियमांना देव मानणारे गृहस्थ. शाळेसमोरच्या मांडवात आठ वाजल्यापासून ते टेबल टाकून बसले होते. समोर जो हात येईल त्यातली वस्तू घ्यायची, आपल्या तळहातावर ठेवून बघायची, "मावते" म्हणायचं आणि 'प्राप्त' असा शिक्का मारायचा, हे त्यांचं न थकता चाललं होतं. उषाबाईंचा भोपळा मावेना, तेव्हा उषाबाईंनी तो तिथेच फोडला आणि बी दिलं. एकाने शेळी आणली. शेळी परत गेली, गळ्यातली घंटा जमा झाली. टॉवेल-टोप्यांना तर सुमार नव्हता. आहेरात आलेली टोपी आपल्याकडे कुणी घालत नाही, ती पुढच्या कार्याला जाते. त्यातली एक कल्याणने ओळखली. चार वर्षांपूर्वी त्यानेच ती कुणाच्या तरी लग्नात दिली होती.

हे सगळं द्यायचं कुणाला, हा प्रश्न आठवडाभर आधी निघाला होता. गरजूंनी नावं द्यावीत अशी दवंडी पिटली, तर एकही नाव आलं नाही. चारचौघांत गरजू म्हणवून घ्यायला लिंबखेड्यात कोण तयार होणार? शेवटी शेजारच्या वाडीचं ठरलं. पण वाडीवरही त्याच दिवशी दानदिन होता आणि त्यांनाही गरजू सापडलेला नव्हता, म्हणून त्यांनी लिंबखेड्याचं नाव दिलं होतं. म्हणजे संध्याकाळी इकडचा टेम्पो तिकडे जाणार आणि तिकडचा इकडे येणार. राधेश्यामशेठना यात काही वावगं वाटलं नाही. दान फिरलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

रामरावांचं प्रकरण मतदार यादीमुळे उद्भवलं.

"रामराव भगवानराव गावंडे," शेठनी यादीवर बोट ठेवलं. "यांचं बाकी आहे."

"ते वारले, शेठ," कल्याण म्हणाला. "आज त्यायचंच वर्षश्राद्ध आहे. तुमी आत्ताच फोटोला हार घातला की."

"हार घातला तो माणुसकीनं. यादीत नाव आहे म्हणजे आहे. मृत्यूचा दाखला द्या, मी कमी करतो."

दाखला वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे दिलेला आणि वार रविवार. दाखला आणण्यापेक्षा वडिलांकडून दान करवून घेणं सोपं आहे हे धाकट्या रामप्रसादच्या लवकर लक्षात आलं. त्याचं जालन्याला बियाण्याचं दुकान होतं, आणि अडलेल्या गाडीला वाट काढून देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याने घरून वडिलांची कानटोपी मागवली, फोटोवर चढवली, क्षणभर तशीच राहू दिली आणि काढून शेठच्या हातात दिली.

स्वतः देण्याचा नियम शेठनी दोनदा वाचला. "त्यांच्या डोक्यावरून आली," ते म्हणाले, आणि शिक्का मारला. "आता तीन राहिले."

"दोन," कल्याण म्हणाला. "आत्या आन् आमची बहीन दैवशाला, तिचं नाव आजून इथल्याच यादीत आहे. दोघीबी घरच्याच. आत्ता घिऊन येतो."

"तीन," शेठ पुन्हा म्हणाले. पण कल्याण ऐकायला थांबलाच नव्हता.

*

गोजरबाई ओट्यावर सुपात तूरडाळ घेऊन खडे काढत बसल्या होत्या. रामरावांची ही धाकटी बहीण. नवरा वारल्यावर माघारी आली, ती याच घरात म्हातारी झाली. त्यांचा स्वभाव असा की एकदा नाही म्हटलं की त्या चिडत नसत, ओरडत नसत, हातातलं काम करत राहत. कल्याणला बालपणापासून त्या कामाचीच भीती वाटत आलेली.

"आत्या, एक चमचा दे. एक सुपारी दे, हातात मावती. तुह्या एकटीपायी सगळं गाव अडून राह्यलं."

"मी देलंय."

"कव्हा?"

"तुह्या बापाला इचार."

"आत्या, बाप मेला."

"आत्ता त्यानं टोपी देली म्हने. टोपी देता येती तं इचारल्यालं सांगताबी येईन."

कल्याणने रामप्रसादकडे पाहिलं. रामप्रसाद ओट्याच्या कडेला टेकला आणि दुकानात आलेल्या नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं गोड बोलू लागला. "आत्या, तुह्या वतीनं मी देतो ना काहीतरी. तुला उठायचाबी तरास नको."

"सोताच देवं लागतं. पत्रक वाचलं का न्हाई तू? शीतलनं मला वाचून दाखवलं." गोजरबाईंनी एक खडा काढून अंगणात टाकला. "चांगलं छापलंय."

शीतल दारात उभी होती. कल्याणची बायको. नवऱ्याने तिच्याकडे 'कशाला वाचून दाखवलंस' अशा नजरेने पाहिलं, आणि तिने नजर स्वयंपाकघराकडे वळवली. तिला म्हातारीचा रागच आला होता. एवढं गाव देऊन राहिलंय, भोपळ्याचं बी देऊन राहिलंय, आणि ज्यांना या घराने चाळीस वर्षं सांभाळलं त्यांना एक सुपारी जड झाली. असं ती मागे एकदोनदा बोललीही होती, जरा ऐकू जाईल अशा बेताने.

पण त्या दिवशी शीतलचं मन दुसरीकडेच जास्त होतं. कल्याणच्या निळ्या फायलीत एक कागद होता आणि फायलीवर शाईचं नवं पॅड. हक्कसोडपत्र. रामरावांच्या बारा एकरांवर तीन वारस लागले होते: कल्याण, रामप्रसाद आणि शहागडला दिलेली दैवशाला. दैवशालाने सही केली की सातबारा भावांचा. मग विहिरीकडच्या चार एकरांवर रामप्रसादचं बियाण्याचं गोदाम उभं राहायचं. नोंदणी दुसऱ्या दिवशी भोकरदनला, पण सही आजच, मांडवात, गावासमोर, 'माहेरवाशिणीचं दान' म्हणून. ही अक्कल कल्याणची. घरात मागितलं तर ती रडेल, विचार करेल, नवऱ्याला फोन लावेल. माईकवर नाव पुकारल्यावर कोणती बहीण नाही म्हणते?

शीतलला यात काही गैर वाटत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या माहेरी अशीच सही केली होती. दीड एकर. भावाने साडी दिली, तिला फॉलसुद्धा लावलेला नव्हता. मी दिलं, मग हिनं का देऊ नये? एवढं साधं गणित होतं, आणि ते दर वेळी बरोबर येऊनही तिला बरं का वाटत नव्हतं ते तिला कळत नव्हतं.

*

दैवशाला शहागडहून दोन गाड्या बदलून आली. तिचं आणि नवऱ्याचं हायवेला चहा-भज्यांचं हॉटेल होतं. दादाने फोनवर तीन वेळा सांगितलं होतं, "तू काही आनू नको, तुह्यं दान आमी इथं तयार ठिवलंय." एवढ्या प्रेमाने तिला गेल्या वर्षभरात कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून निघताना तिने पिशवीत हॉटेलातला चहाचा एक ग्लास घालून ठेवला. दोन आठवड्यांपूर्वी रामप्रसादने सहीचं सरळ विचारलं होतं, आणि ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. नवरा म्हणाला, तुह्यं तू पाह्य. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. जमीन जाईल याचं भय तिला कमीच होतं. आईबाप गेले, आता भावांनीही तोंड फिरवलं तर जगात आपल्याला 'कधी आलीस' असं विचारणारं दार उरणार नाही, या भयाने तिचा जीव अर्धा झाला होता.

ती आत्याच्या पाया पडली. गोजरबाईंनी सूप बाजूला ठेवून तिचे दोन्ही गाल धरले. "वाळली ग बाई तू, दैवू."

"आत्या, तू कामून रुसली म्हने? सगळं गाव तेच बोलून राह्यलं."

"मी कशाला रुसू? मी बसलेय."

कल्याण फाईल घेऊन आलाच. "दैवू, चहा घे आन् लगेच निघू. तुह्यं नाव मांडवात पुकारनारंय."

"कशाला?"

त्याने कागद काढून आपल्या तळहातावर ठेवला, शेठ ठेवत होते तसा. "हे. बराबर हातात मावतं."

दैवशालाने वाचलं. वाचायला काही नव्हतंच, खाली तिच्या नावापुढे जागा सोडलेली तेवढी दिसत होती. "म्हंजी विहिरीकडची गोजरपट्टीपन?"

"सगळं मिळून एकच की ते," रामप्रसाद म्हणाला. "माह्या गोदामाला सातबारा साफ लागतो, ताई. बँकवाले आयकत न्हाईत. आन् तू शहागडहून येऊन कसनार थोडीच आहेस?"

"आन् मी सही न्हाई केली तं?"

आत गॅसवर चहा उतू गेला, तिकडे कुणी धावलं नाही.

"कामून न्हाई करनार?" शेवटी कल्याण म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "तू काय परकी आहेस का आमाला?"

"परकी न्हाई म्हनून तं मागून राह्यला," गोजरबाई सुपाकडे बघत म्हणाल्या.

"आत्या, तू मधी पडू नको."

"मी कुठं पडले. मी बसलेय."

दैवशालाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कागद परत दिला आणि पदराने तोंड पुसलं. ती सही करणार हे तिला स्वतःलाच त्या क्षणी कळून चुकलं होतं. शीतललाही कळलं. शीतलला हायसं वाटायला हवं होतं, पण तीन वर्षांपूर्वी आपणही अगदी असंच पदराने तोंड पुसलं होतं हे तिला आठवलं.

इतक्यात मांडवातून भोंगा वाजला. संयोजक कल्याण गावंडे जिथे असतील तिथून त्यांनी मांडवात यावं, यादी पुरी व्हायची आहे, टेम्पो निघायचा आहे.

गोजरबाई उठल्या. "चला. मी देते."

कल्याणला एवढा आनंद झाला की त्याने पुढे होऊन त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. "काय देतीस, आत्या? सुपारी आनू का?"

"मांडवातच देते. शेठला सांगते."

*

मांडव गच्च भरला होता. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधे दानाचा ढीग. शेठच्या पुढ्यात माईक, आणि तो सकाळपासून चालूच होता, कारण बंद करायची कळ मांडववाल्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती आणि मांडववाला जेवायला गेला होता.

"गोजरबाई," शेठनी यादीवर बोट ठेवलं. "वस्तू?"

गोजरबाईंनी डावा अंगठा वर केला.

शेठनी अंगठ्याकडे पाहिलं, मग हातात काही लपवलंय का ते पाहिलं. "आजी, वस्तू द्यायची आहे. अंगठा नको."

"ह्याच्यातूनच देलंय. लिवा. चार एकर."

माईकमधून 'चार एकर' गावभर गेलं. कल्याण पुढे सरसावला, पण त्याच्या आणि टेबलाच्या मधे टोप्यांचा ढीग होता.

"बाप मेला त्या साली तलाठी आमच्या ओट्यावर येऊन बसल्ता," गोजरबाई सांगू लागल्या. आवाज डाळ निवडताना असतो तेवढाच. "मी सासरहून आल्ते. रामराव म्हन्ला, गोजर, अंगठा कर. शाई लावली, केला अंगठा. हिरवं लुगडं देलं मला. मंग गावाला सांगितलं, बहिनीनं खुशीनं दान देलं. विहिरीकडचं शेत ते. आजबी त्याला गोजरपट्टी म्हंतेत, खोटं आसंन तं इचारा." त्यांनी मांडवाकडे पाहिलं. कुणी खोटं आहे म्हणालं नाही. "मंग मालक वारले, मी माघारी आले. तवापासून त्याच शेताची डाळ निवडते, आन् भावाच्या जिवावर खाते असं आयकते. आज तुमी लिवून घिऊन राह्यले म्हनून म्हन्लं, माह्यंबी लिवावं."

शीतलने मान खाली घातली.

शेठची खरी अडचण वेगळीच होती. "ते सगळं मान्य आहे, आजी. पण एका हातात मावलं पाहिजे. नियम आहे."

"चार एकर अंगठ्यात मावलं, शेठ," गोजरबाई म्हणाल्या. "हात तं लई मोठा झाला."

शेठनी पत्रक काढून पुन्हा वाचलं. वस्तू एका हातात मावते, हे झालं. दान स्वतः दिलं, हेही झालं. "दिलेलं परत मागितलं का कधी?"

"एकदाबी न्हाई."

"मग बिलकुल नियमात आहे," शेठ म्हणाले आणि शिक्का उचलला. "गोजरबाई, चार एकर, अंगठ्यातून. प्राप्त."

हे इथेच थांबलं असतं तर कल्याणने निभावून नेलं असतं. पण बायकांतून उषाबाई उठल्या. "शेठ, माह्यं भोपळ्याचं बी काटा."

"दिलेलं परत मिळत नाही, बाई."

"परत कोन मागतंय? ते राहू द्या, फक्त पुढं दुरुस्ती लिवा. अडीच एकर, सिल्लोडकडं. दोघं भाऊ व्हते, दोघायला देलं."

तुळजाबाईंचं दोन एकर निघालं, वर विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा. मग रांगच लागली. सकाळी चमचा, सुपारी, ब्लाउजपीस देऊन गेलेल्या बायका पुन्हा आल्या आणि आपापली शेतं सांगू लागल्या. कुणाचं भोकरदनला, कुणाचं जाफराबादला, कुणाचं पार बीडकडे. मोबदल्याचा रकाना पत्रकात नव्हता, शेठनी तो हाताने आखला. लुगडं. साडी. स्टीलचा हंडा. एकीचं फक्त जेवण, वर आमरस. शेठचं शाईचं पॅड वाळलं, तेव्हा त्यांनी कल्याणच्या फायलीवरचं नवं पॅड उचललं, आणि कल्याणला नको म्हणता आलं नाही. पुरुषांच्या बाजूला प्रत्येकाला मांडवाच्या कापडात अचानक काहीतरी बघण्यासारखं सापडलं होतं. त्यातल्या बहुतेकांना बहिणी होत्या.

शेठ भराभर लिहीत होते, आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. समितीच्या इतिहासात एवढं दान कुठल्याच गावात झालं नव्हतं.

रांगेत शेवटी शीतल उभी राहिली.

"तू कुठं चालली?" कल्याणने दबक्या आवाजात विचारलं.

"माह्यं दीड एकर सांगून येते." माईकपाशी पोचल्यावर ती जरा वाकली, म्हणजे नीट ऐकू जावं. "शीतल कल्याण गावंडे. दीड एकर. साडी भेटली, तिला फॉल न्हवता. शेठ, फॉल न्हवता हे लिवा." आणि मागे वळून तिने दैवशालाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने नणंदेकडे असं पहिल्यांदाच पाहिलं असेल. "ताई, पत्रकात माणशी एकच वस्तू लिवलीय," ती माईकवरच म्हणाली. "तुमी आनली असंन तं तीच द्या."

"दैवशाला," शेठनी नाव पुकारलं.

दैवशाला उठली. कल्याण ढिगाला वळसा घालून एव्हाना टेबलापाशी पोचला होता, हक्कसोडपत्र त्याच्या हातात होतं, पेनही उघडून तयार होता, आणि तो तिच्याकडे बघून हसत होता. लहानपणी झाडावरून कैऱ्या टाकताना तो असंच हसायचा, आणि खाली ओटी धरून ती उभी असायची. त्या हसण्याने तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने पिशवीतून चहाचा ग्लास काढला आणि शेठच्या तळहातावर ठेवला.

"मावतो," शेठ म्हणाले. शिक्का पडला.

"दैवू, आपलं ठरल्तं," कल्याण म्हणाला.

"तुमचं ठरल्तं, दादा," दैवशाला म्हणाली. "मला फकस्त कळवल्तं."

गोजरबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

शेठनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "एक राहिलं."

"आता कोन?" कल्याण वैतागून म्हणाला.

"कल्याण रामराव गावंडे. सकाळपासून सांगतोय, तीन राहिले."

बायकांच्या बाजूने खुदखुद सुरू झाली. महिनाभर घरोघर फिरून ज्याने लोकांना द्यायला लावलं, मेलेल्या बापालाही ज्याने सोडलं नाही, त्याने स्वतः काहीच दिलं नव्हतं.

"मी संयोजक आहे, शेठ," कल्याण म्हणाला. "हा आख्खा मांडव माह्या खर्चानं."

"मांडव हातात मावत नाही."

"ते जाऊ द्या, तुमी आधी हे पाहा ना." कल्याणने हक्कसोडपत्र शेठपुढे धरलं. बहिणीची सही कशी राहून गेली, विशेष बाब म्हणून ती अजूनही कशी घेता येईल, हे त्याला समजावून सांगायचं होतं. पण शेठच्या हाताला सकाळी आठपासून एकच वळण पडलेलं होतं. समोर आलेल्या हातातला कागद त्यांनी घेतला, घडी केली, तळहातावर ठेवला.

"मावतो," ते म्हणाले, आणि 'प्राप्त' असा शिक्का मारला. शिक्का बरोबर सहीसाठी सोडलेल्या जागेवर बसला. "कल्याण रामराव गावंडे, एक कागद. शंभर टक्के."

टाळ्या वाजल्या. कुणीतरी फटाक्याची माळ लावली. कल्याण दोन्ही हात पुढे करून म्हणत होता, "शेठ, ते दान न्हवतं, ते तं परत द्या," आणि माईक ते गावभर पोचवत होता. शेठनी पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ मांडवातल्या सगळ्यांना पाठ होती. कारण कल्याणनेच ती घरोघर वाचून दाखवली होती. कागद टोप्यांच्या ढिगात गेला आणि निळी पाटी कल्याणच्या हातात आली. फोटो काढताना रामप्रसाद त्याच्या कानाशी लागला. "दादा, कागद काय, भोकरदनला धा मिनटात दुसरा छापून भेटतो."

कल्याणने समोर पाहिलं. पहिल्या ओळीत आत्या बसली होती, तिला टेकून बहीण, आणि दोघींना पाणी देत त्याची स्वतःची बायको.

"आन् घिऊन जाऊ कोन्त्या तोंडानं?" तो म्हणाला. "तू जातो का?"

रामप्रसादने पाटीचं दुसरं टोक धरलं आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

*

ऊन उतरताना टेम्पो भरला. ढिगाबरोबर चहाचा ग्लास गेला, भोपळ्याचं बी गेलं, रामरावांची कानटोपी गेली, आणि हक्कसोडपत्र गेलं. वाडीवरच्या कुणाच्या वाट्याला ते आलं असेल ते शेवटपर्यंत कळलं नाही. येताना वाडीचा टेम्पो टॉवेल-टोप्यांनी भरून आला.

गोजरबाई आणि दैवशाला वेशीपर्यंत चालत आल्या. शिडीवर चढून कल्याण पाटी ठोकत होता, आणि खाली बघायचं टाळत होता. शहागडकडे जायचं तर जालन्याची गाडी पाचला होती.

"आत्या, दादा आता मला बोलवीन का गं?"

"माहीत न्हाई बाई." गोजरबाईंनी खोटा धीर दिला नाही. आयुष्यात त्यांनी तो कुणाला दिलेला नव्हता. "मला बोलवत व्हते. दिवाळी, पंचमी, राखी. चाळीस वर्सं याच घरात ऱ्हाऊनबी बोलवल्यावानीच ऱ्हायले मी."

गाडी वळणावर दिसली. दैवशालाने पिशवी खांद्याला लावली.

"तू आपली गोजरपट्टीवर येत जाय," गोजरबाई म्हणाल्या. "तिथं यायला तुला कोन्ही बोलवाया लागत न्हाई."